पैलवानाच्या पोटऱ्या

चप्पल लाईनमध्ये मी भाचीसाठी कापशी चप्पल बघत होते. शेजारी साठीच्या पुढचे एक गृहस्थ बसलेले, त्यांच्या बाजूला त्यांची बायको, तिच्या मांडीवर देवीच्या ओटीची पिशवी. दुकानातला पोरगा एकामागून एक जोड त्यांच्या पायात सरकवत होता आणि प्रत्येक जोडाला त्यांचा एकच प्रश्न, मागनं पट्टा लावून मिळंल का? पोरगा समजुतीनं सांगत होता, "काका, कोल्हापुरीला मागं पट्टा नसतोय. अंगठा आवळून देतो, हलायची नाही बघा." त्यावर बाई म्हणाल्या, "आवळून काय उपेग? परवा महाद्वारातनं घरापत्तर एका पायानं अनवाणी आले. दुसरी चप्पल कुठं पडली ह्यांना पत्त्याच न्हाई." पोरगा हसला, दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली, आणि ते गृहस्थही मान खाली घालून हसले. त्यांचं ते हसणं मला लागलं. ते पैसे देत असताना मी बाईंना हळूच विचारलं, "साखर आहे का काकांना?" म्हणाल्या, "हाय की, लई वर्षं झाली. पण गोळ्या चालू हायत." मी म्हटलं, पायाच्या नसा एकदा डॉक्टरांना दाखवा, चप्पल निसटलेली कळत नाही असं अगदी ह्याच शब्दांत सांगा. त्यांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. चपलेची तक्रार डॉक्टरला सांगायची असते हे त्यांना कोण सांगणार!

मला ते एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणजे मला नव्हे, आमच्या आधी नंबर असलेल्या एका शेतकऱ्याला. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मामीसोबत कुणीतरी हवं म्हणून बाळूला घेऊन गेले होते. गर्दीचा दवाखाना, एकाच खोलीत तीन-चार पेशंट, पडदा नावालाच. डॉक्टरांनी त्या शेतकऱ्याला विचारलं, "चालताना चप्पल निसटते का?" तो म्हणाला, व्हय. मग लगेच दुसरा प्रश्न, "निसटली की कळते का?" तेव्हा मला हा प्रश्न विचित्र वाटला होता. पुढं उमगलं की या दोन वाक्यांत अर्धी तपासणी आहे. निसटते आणि कळते, तर पायाची पकड गेली, म्हणजे जोर कमी पडला. निसटते आणि कळतही नाही, तर तळव्याकडून वर जाणारी जाणीवच थांबली. मधुमेहात बहुतेक वेळा हे असंच सुरू होतं, सगळ्यांत लांबच्या टोकाला, पायाच्या बोटांपाशी, कारण सगळ्यांत लांब मज्जातंतू आधी दुखावतात. मग चैत्र यात्रेत भर दुपारी जोतिबाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चाललेल्या माणसाला रात्री घरी तळव्याला फोड दिसतात आणि ते कधी आले हे सांगता येत नाही. जीवनसत्त्व बी-१२ कमी पडलं तरी पाय असेच बधिर होतात. कुष्ठरोगातही कातडीवरचा बधिर चट्टा आणि कोपरापाशी हाताला लागणारी जाड नस असते. त्याची औषधं १९८२ पासून मिळून दिली जातात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि तरी आपल्याकडं तो चट्टा पदराखाली झाकलेलाच राहतो.

बाळूला डॉक्टरांनी चपलेचं काहीच विचारलं नाही. त्यांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि म्हणाले, "ऊठ बघू."

बाळू माझा मामेभाऊ. आजोबांचा पहिला नातू. आजोबा तालमीतले, लाल मातीत वाढलेले. त्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती कशी मळायची हे ते आम्हा पोरींनाही सांगायचे. खासबागेतल्या कुस्त्यांच्या गोष्टी तर आम्ही जेवणापेक्षा जास्त ऐकल्या. शाहू महाराजांनी ते मैदान १९१२ मध्ये सुरू केलं, आणि आजोबांच्या बोलण्यात कोल्हापूरचा इतिहास जवळपास तिथूनच सुरू व्हायचा. बाळू चालायला उशिरा लागला, पण त्याच्या पोटऱ्या बघण्यासारख्या होत्या. भरलेल्या, गोल, टणक. आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याला उभा करून दाखवायचे, "पोटऱ्या बघा की. पैलवानाच्या हायत." शेजारीपाजारी कौतुकानं दाबून बघायचे. बाळू पळताना मागं पडायचा, जिना चढताना कठडा धरायचा, एसटीची पहिली पायरी त्याला कधी एका दमात जमली नाही. घरात म्हणायचे, लाडानं आळशी झालाय. मग आजोबांनी त्याला पहाटे उठवून बैठका मारायला लावलं, वर गंगावेशीतलं धारोष्ण म्हशीचं दूध. तो दोन-चार बैठका काढायचा आणि खाली गेला की वर यायचा नाही. आजोबा कधी रागावले नाहीत. ते त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवायचे आणि म्हणायचे, परत.

त्या दिवशी दवाखान्यात बाळू कसा उठला हे मी घरी शंभरदा पाहिलं होतं, पण त्याच्याकडं नीट कधी बघितलं नव्हतं, कुणीच बघितलं नव्हतं. तो आधी पालथा वळला. मग हात टेकून ढुंगण वर केलं, पाय फाकवले, एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा, आणि हात मांडीवर वर-वर सरकवत तो स्वतःच्याच अंगावरून चढत उभा राहिला. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी पोटरी दाबून बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, पाठीमागून त्याची कंबर पुढं कशी झुकते ते बघितलं, आणि सीपीके नावाची रक्ताची तपासणी लिहून दिली. तो आकडा काही हजारांच्या घरात आला. स्नायूच्या आतला पदार्थ रक्तात सांडतोय, म्हणजे स्नायू फाटतोय, एवढंच त्यांनी मामीला सांगितलं. रोगाचं नाव त्यांनी कागदावर लिहिलं, ड्यूशेन.

पुढं कितीतरी वर्षं मी या नावाच्या मागं लागले होते. जमिनीवरून असं उठण्याला गॉवर्सची खूण म्हणतात; लंडनच्या विल्यम गॉवर्सनं ती १८७९ मध्ये लिहून ठेवली. त्याच्या आधी फ्रान्सच्या ड्यूशेननं १८६८ मध्ये अशा मुलांवर मोठा निबंध लिहिला. जिवंत माणसाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढता यावा म्हणून त्यानं खास सुईही बनवली होती. पण मला सगळ्यांत थक्क केलं ते एडवर्ड मेरियन या इंग्लिश डॉक्टरानं. १८५२ मध्ये त्यानं अशी मुलं असलेल्या कुटुंबांचं वर्णन केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहिलं की स्नायूच्या तंतूवरचं आवरणच फुटलेलं आहे. त्या आवरणाला नेमकं काय कमी पडतं हे कळायला १९८७ साल उजाडावं लागलं. तेव्हा डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन सापडलं. ते बनवण्याची सूचना असलेलं जनुक माणसाच्या शरीरातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, २२ लाखांहून अधिक अक्षरांचं. इतकं लांब असल्यानं त्यात चूक घडायला जागाही भरपूर. जन्मणाऱ्या साधारण ३,५०० ते ५,००० मुलग्यांमागे एकाच्या वाट्याला ही चूक येते.

डिस्ट्रॉफिन काय करतं हे समजून घेताना मला चप्पल लाईनच आठवते. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, तळाचे चामड्याचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले असतात. वादी काढून घेतली तर चप्पल लगेच तुटत नाही, दिसायला तशीच दिसते, पण प्रत्येक पावलाला थर थोडे-थोडे सुटत जातात. स्नायूच्या आतले आकुंचन पावणारे धागे बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवायचं काम डिस्ट्रॉफिनचं. ते नसलं की प्रत्येक हालचालीत आवरण फाटतं. शरीर काही वर्षं डागडुजी करतं, नंतर मेलेल्या तंतूंच्या जागी चरबी आणि निबर धागे भरू लागतात. पोटरी म्हणूनच भरलेली राहते. ज्या पोटऱ्या आजोबा पाहुण्यांना दाखवत होते त्यांच्यात तेव्हाच स्नायू कमी होत चालला होता. आणि सगळ्यांत जास्त फाटतो तो ताणला जात असताना जोर लावावा लागणारा स्नायू, म्हणजे बैठकीत अंग हळूहळू खाली नेताना मांडीत जे होतं नेमकं ते.

हे आजोबांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

कोल्हापूर बळावर प्रेम करणारं गाव आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण अशा गावात दुबळेपणाला आजार म्हणून ओळखायला फार वेळ लागतो. आधी खुराक बघतात, मग मेहनत, मग मन. तेल लावून चोळतात. वात म्हणतात, नस दबलीय म्हणतात, हाडवैद्याकडं नेतात. जोर कुठं कमी पडतोय हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो, आणि खरं तर उत्तर त्यातच असतं. मांडी-खांद्याकडचे मोठे स्नायू आधी गेले, पंगतीतून उठता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, वेणी घालताना हात खाली येऊ लागले, तर बहुतेक वेळा दोष स्नायूचाच. टोकाकडचं आधी गेलं, चप्पल सुटते, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, तर संशय मज्जातंतूवर. याला अपवाद आहेत, म्हणून तर हातोडी मारून बघतात, हातापायाला करंट देऊन नसांचा वेग मोजतात, बारीक सुई टोचून स्नायूचा आवाज ऐकतात. पण पहिलं बोट दाखवतं ते घरातलं रोजचं उठणं-बसणं. आपण जमिनीवर बसणारी, जमिनीवर जेवणारी माणसं. बाळूसारखी मुलं आपल्याकडं तरी लवकर लक्षात यायला हवीत.

पाठीच्या कण्यात, पुढच्या बाजूला, एकेक पेशी असते. तिच्यातून निघालेला धागा कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातो, जवळजवळ मीटरभर, आणि संदेश त्यातून सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगानं धावतो. तालमीत नवा आलेला पोरगा पहिल्या काही आठवड्यांत एकदम ताकदवान होतो, तेव्हा त्याचे दंड फारसे वाढलेले नसतात. या पेशी एका वेळी जास्त तंतूंना कामाला लावायला शिकलेल्या असतात. वस्तादांना हे पिढ्यान्‌पिढ्या अनुभवानं माहीत आहे, फुगलेला दंड आणि चालणारा दंड यांत ते फरक करतात. या पेशीच मेल्या तर पोलिओ. आमच्या पिढीत प्रत्येक वर्गात कॅलिपर घातलेला एकजण असायचा. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आणि आता शाळेत कॅलिपरचा आवाज ऐकू येत नाही. धाग्याच्या आवरणावर शरीरानंच हल्ला केला तर गीयाँ-बारे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात त्याचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा तिकडं शिकायला असलेल्या प्रत्येक पोराला इथनं आई-बापांचे फोन गेले, पाणी उकळून पी म्हणून. दूषित पाण्या-अन्नातून पोटात गेलेल्या जिवाणूशी लढताना शरीर स्वतःच्याच नसांना ओळखायचं चुकतं. पायांपासून सुरू झालेला लुळेपणा वर चढतो, श्वासापर्यंत पोचला तर मशीन लागतं. तरी बहुतेक जण महिन्यांनी का होईना पुन्हा चालतात. हे शेवटचं वाक्य घाबरलेल्या घरात आधी सांगायला हवं.

माझ्या धाकट्या मावशीचं दुखणं याहून वेगळ्या जागचं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळच्या प्रार्थनेला खणखणीत आवाज, आणि संध्याकाळ झाली की शब्द नाकात जायचे. भाकरी चावताना निम्म्यावर जबडा दमायचा. रंकाळ्यावर बसली की पलीकडचे दिवे दोन-दोन दिसायचे. उजवी पापणी उतरायची आणि रात्रीची झोप झाली की सकाळी पुन्हा जागेवर. सकाळी डॉक्टरकडं गेलं की सगळं ठीक, त्यामुळं दोघा-तिघांनी टेन्शनच्या गोळ्या दिल्या. सासरी म्हणायचे, कामाची वेळ झाली की बरी पापणी पडते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी तिला छताकडं एकटक बघायला लावलं. मिनिटाभरात पापणी खाली. मग पापणीवर बर्फ धरला, थोड्या वेळानं काढला, तर पापणी वर! मावशी तिथंच रडायला लागली. आजार सापडला म्हणून आनंदानं रडणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये फट असते. तंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं आणि पलीकडं स्नायूवर ते झेलणाऱ्या जागा असतात. मावशीच्या शरीरानं त्या जागांविरुद्धच प्रतिपिंडं तयार केली होती. पहिले काही संदेश पोचतात, वापर वाढला की कमी पडतात, म्हणून संध्याकाळ वाईट. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. १९३४ मध्ये ग्रिनिचच्या दवाखान्यातल्या मेरी वॉकर या डॉक्टरीणबाईंना वाटलं की हे रुग्ण क्युरारे या विषाची बाधा झालेल्या माणसासारखे दिसतात. मग त्या विषावरचा उतारा यांना का देऊ नये? दिला, आणि रुग्णाच्या अंगात तात्पुरता का होईना जोर आला. मावशीच्या गोळ्या त्याच कुळातल्या. तिच्या पर्समध्ये एक कागद कायम असतो, तिला चालत नाहीत अशा औषधांच्या नावांचा. त्यात काही नेहमीची अँटिबायोटिक्सही आहेत.

या फटीची ओळख आमच्या गावाकडच्या माणसांना फार आधीपासून आहे, वेगळ्या वाटेनं. उसाच्या पट्ट्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. दुखत नाही, सूज नाही, कधी कधी दातांची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात दुखतंय म्हणत, आणि पापण्या उघडत नाहीत. घरच्यांना वाटतं झोप पुरी झाली नाही. मग गिळता येईना होतं, मग श्वास. मण्यारचं विष याच फटीपाशी काम करतं. वेळेत श्वासाचं मशीन मिळालं तर माणूस वाचतो, म्हणून पापण्या जड झालेल्या माणसाला देवळात न नेता थेट दवाखान्यात न्यायचं असतं. तैवानकडच्या मण्यारच्या एका भाईबंदाच्या विषातला घटक स्नायूवरच्या त्या झेलणाऱ्या जागांना घट्ट चिकटतो, आणि त्याच्याच मदतीनं शास्त्रज्ञांना त्या जागा वेगळ्या काढता आल्या. मावशीच्या आजाराचं मूळ कळलं त्या वाटेवर सापाचं विष आहे. हे कळल्यापासून मला मण्यारची भीती कमी वाटते असं नाही, पण नुसती भीतीही वाटत नाही.

बाळू बाराव्या वर्षी चालायचा थांबला. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ते थोडं लांबलं असेल. त्या स्नायूंचं फाटणं थांबवत नाहीत, मंद करतात. त्यानंतर आजोबा त्याला पाठीवर घेऊन खासबागेत न्यायचे. खालच्या पायरीवर बसवायचे, डाव कुठला पडला ते सांगायचे, आणि बाळू ते पैलवानांच्या नावानिशी वहीत लिहून ठेवायचा. बोटं शेवटपर्यंत चालत होती. हा आजार बोटांना सगळ्यांत शेवटी गाठतो, आणि त्या उशिराबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. तो तेविसाव्या वर्षी गेला, हृदयानं. हृदयही स्नायूच. आता रात्री श्वासाला मदत करणारी यंत्रं आणि हृदयाची औषधं वेळेत सुरू केली तर अशी मुलं तिशीपर्यंत आणि त्यापुढंही जगतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे ड्यूशेन ज्या गटात मोडतो त्या आजारांचं नाव आहे. बाळूच्या वेळी प्रमाणपत्राच्या खिडकीवर मामीला आधी आजाराचा उच्चार शिकवावा लागायचा.

आणि मामीला या सगळ्यात जे ऐकावं लागलं त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. जनुक एक्स गुणसूत्रावर, मुलाला एक्स आईकडून मिळतो, एवढं कळल्यावर घरात कुणीतरी म्हणालंच, माहेरचा दोष. साधारण एक तृतीयांश मुलांत ही चूक नव्यानंच घडलेली असते, आईकडून आलेलीच नसते, हे डॉक्टर सांगत होते, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. पुढं तपासणी झाली तेव्हा मामी वाहक निघाली, म्हणजे ते सदोष जनुक तिच्याकडं होतं. वाहक असणं म्हणजे चूक करणं नव्हे, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. ती मान डोलवायची. बाळूच्या बहिणीनं लग्नाआधी स्वतःहून तपासणी करून घेतली. तीही वाहक आहे. तिनं होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगितलं, गरोदरपणात साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते हेही. तो दोन दिवस गप्प होता, मग आला. आता त्यांना मुलगी आहे. ती कापशी तिच्यासाठीच होती.

काही वाहक बायकांच्याही हृदयाचा स्नायू वयासोबत कमजोर होतो, त्यांनी दर काही वर्षांनी हृदय तपासून घ्यावं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मुलाच्या फायलीत आईच्या छातीची चौकशी कुणी लिहीत नाही. मामीचा इको गेल्या वर्षी करून घेतला. ती स्वतःसाठी म्हणून दवाखान्यात आलेली मी तेव्हाच पाहिली. हृदयाचं पंपिंग थोडं कमी निघालं. डॉक्टरांनी कारण समजावलं तेव्हा ती बराच वेळ रिपोर्टकडं बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे त्येचं थोडं माझ्यातबी हुतं म्हणायचं." तिच्या आवाजात मला दुःखापेक्षा समाधान जास्त ऐकू आलं, आणि ते मला अजून पचलेलं नाही. गोळी सुरू आहे, जिना चढताना दम कमी लागतो म्हणते. बहिणीचा इको पुढच्या महिन्यात आहे. मामीनं तिच्यासोबत जायचं आधीच ठरवून टाकलंय.